आधी मुलांची यादी, मग जागांचा हिशेब

सातारा नगरपरिषदेच्या वाढीव हद्दीतील एका प्रभागातून प्रथमच निवडून आलेल्या नगरसेविका ताईंनी मला विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. जून उजाडला की पालक घरी येतात आणि चांगल्या शाळेत जागा नाही, शिफारसपत्र द्या, म्हणून अडून बसतात. त्याच प्रभागातील एका प्राथमिक शाळेचा पट मात्र इतका घसरला आहे की ती बंद होणार अशी बोलवा आहे. अंगणवाडी भाड्याच्या एका खोलीत भरते. बांधकामांवरील आणि ऊसतोडीच्या मजुरांची मुले दिवसभर रस्त्यावर दिसतात. एका मुलीला जुन्या शाळेने दाखला दिला नाही, म्हणून नव्या शाळेने वर्गात बसू दिलेले नाही. यांपैकी नगरसेवकाच्या हातात नेमके काय आहे आणि सुरुवात कोठून करावी, असे त्यांचे विचारणे आहे.

केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी आणि शेवटची काही वर्षे एका नगरपरिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाचा प्रशासनाधिकारी म्हणून मी नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीचे कामही काही काळ पाहिले. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो आहे. काही ठिकाणी माझे मत शासकीय परिपत्रकांच्या सुरापेक्षा वेगळे वाटेल, ते तसे आहेच.

ताई, पहिली गोष्ट ही की आपल्या प्रभागात शाळेच्या जागांची टंचाई आहे की नाही, हे आज कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, कारण प्रभागात मुले किती आहेत हेच कोणी नावानिशी लिहून ठेवलेले नसते. शाळांकडे पटावरच्या मुलांची नावे असतात, अंगणवाडी सेविकेकडे तिच्या हद्दीतील बालकांची, आरोग्यसेविकेकडे लसीकरणाची आणि नगरपरिषदेकडे जन्मनोंदणीची. पण या चार वह्या एका टेबलावर उघडून ताडून पाहिल्या गेल्याचे मी माझ्या नोकरीत फार क्वचित पाहिले. वास्तविक बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे, आणि त्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची जी कर्तव्ये सांगितली आहेत त्यांत आपल्या अधिकारितेत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचा अभिलेख ठेवणे हे एक स्पष्ट कर्तव्य आहे. नगरपरिषद हे या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे स्थानिक प्राधिकरण आहे. म्हणजे मुलांची यादी मागताना आपण कोणाकडे उपकार मागत नाही, तर कायद्याने जी वही ठेवायलाच हवी ती दाखवा, एवढेच म्हणत आहात.

शिक्षक दरवर्षी सर्वेक्षण करतात हे खरे आहे, पण त्यातली मेख अशी की प्रत्येक शाळा आपल्या ओळखीच्या गल्ल्या फिरते, आणि वाढीव हद्दीत नव्याने उभ्या राहिलेल्या इमारती, प्लॉटिंगमधल्या सुट्या घरांच्या रांगा आणि बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्या कोणाच्याच गल्लीत येत नाहीत. राज्यभर ४ जुलै २०१५ रोजी शालाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले, आणि जुलै २०२२ मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ ही मोहीम पंधरवडाभर चालली. दोन्हींमागचा हेतू चांगला होता. मात्र मोहिमेत सापडलेल्या मुलाचे पुढे सहा महिन्यांनी काय झाले, हे विचारणारा माणूस प्रभागातलाच असावा लागतो, आणि तो आपण होऊ शकता.

नोंदीचे महत्त्व साताऱ्याला वेगळे सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील त्या वेळच्या सातारा हायस्कूलमध्ये भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव पटावर आले, आणि आज राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो दिवस आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या शाळेच्या रजिस्टरातील ओळ शिल्लक राहिली. आपल्या प्रभागातल्या बांधकामावरच्या मुलाच्या नावाची तशी ओळ आज कोणत्याही रजिस्टरात नाही.

आता हद्दीबद्दल, कारण आपल्या बहुतेक अडचणींचे मूळ तेथे आहे. २०२० मध्ये शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगरचा, ना ग्रामपंचायतीत ना नगरपरिषदेत असल्यामुळे ज्याला आपण त्रिशंकू भाग म्हणतो तो आणि आजूबाजूचा परिसर नगरपरिषदेत आला. हद्द एका अधिसूचनेने वाढते, पण शाळेची मालकी, शिक्षकांचा संवर्ग, इमारतीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि अंगणवाडीचा प्रकल्प या गोष्टी त्या अधिसूचनेसोबत आपोआप चालत येत नाहीत. प्रत्येकाचा स्वतंत्र प्रस्ताव, स्वतंत्र मंजुरी आणि बहुधा स्वतंत्र वाद असतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक एका सेवाज्येष्ठता यादीत असतात आणि नगरपरिषदेचे दुसऱ्या, त्यामुळे शाळा हस्तांतरित करणे म्हणजे फक्त किल्ल्या देणे नव्हे. म्हणून आपण पहिल्या आठवड्यात एकच काम करावे: प्रभागातील प्रत्येक शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या शासकीय माहिती-नोंदणीतील तिचा ओळख क्रमांक, मिळवून तिचे व्यवस्थापन कोणाकडे आहे ते पाहावे, आणि प्रत्येक अंगणवाडी ग्रामीण प्रकल्पात आहे की नागरी, हे सेविकेला विचारावे. नागरी प्रकल्पातील अंगणवाड्या नगरपरिषदेच्या नसतात. त्या राज्य शासनाच्या महिला व बाल विकास विभागाच्या, एकात्मिक बाल विकास सेवा योजनेच्या असतात, आणि ग्रामीण प्रकल्पातल्या अंगणवाड्या जिल्हा परिषदेमार्फत चालतात. हे माहीत नसल्यामुळे अनेक नगरसेवक मुख्याधिकाऱ्यांवर अंगणवाडीच्या सेविकेबद्दल सभेत तुटून पडतात, मुख्याधिकारी नम्रपणे ‘हा विषय आमच्या अखत्यारीत नाही’ असे सांगतात, आणि विषय तेथेच संपतो. योग्य पत्ता बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांचा आणि त्यांच्या हाताखालील मुख्यसेविकेचा आहे.

शाळेतील जागांकडे येऊ. ‘जागा नाही’ या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे मुलाला घराजवळ पहिलीत बसायला शाळाच नाही. दुसरी म्हणजे पालकांना हव्या असलेल्या दोन किंवा तीन शाळांत जागा नाही. पहिली तक्रार कायद्याचा भंग आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी लागते. दुसरी तक्रार समजण्याजोगी आहे, पण तिच्यावर शिफारसपत्र हा उपाय नाही, आणि ते पत्र देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपल्या पत्राने एका मुलाला मिळालेली जागा दुसऱ्या, ओळख नसलेल्या मुलाच्या हातून गेलेली असते, आणि दुसऱ्या वर्षी आपल्या दारात दुप्पट पालक उभे राहतात. मुलाची किंवा पालकांची मुलाखत वा चाचणी घेऊन प्रवेश ठरवणे कलम १३ नुसार निषिद्ध आहे. पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पालकांना पत्राऐवजी ही माहिती द्या.

किलोमीटरबद्दल मात्र साताऱ्यापुरते एक सांगणे आवश्यक आहे. नकाशावर कंपास टेकवून काढलेले वर्तुळ अजिंक्यताऱ्याच्या उतारावर किंवा महामार्गाच्या पलीकडे खोटे ठरते. घर आणि शाळा यांत सरळ रेषेत ७०० मीटर अंतर असेल, पण मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग असेल, तर सहा वर्षांच्या मुलासाठी ती शाळा जवळची नव्हे. नियमांनाही हे मान्य आहे. अडचणीच्या भूभागात आणि जेथे शाळा उपलब्धच नाही अशा वस्त्यांसाठी मोफत वाहतुकीसारखी सोय करण्याची तरतूद आहे, आणि समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी वाहतूक भत्ता मिळू शकतो. त्याचा प्रस्ताव मुलांच्या नावांसह जावा लागतो. ‘आमच्या भागातील मुलांची गैरसोय होते’ अशा वाक्यावर भत्ता मंजूर होत नाही, हे मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहे.

आता त्या पट घसरलेल्या शाळेचे गणित पाहू, कारण ते समजल्याशिवाय बाकीचे समजणार नाही. शिक्षकांची पदे संचमान्यतेने, म्हणजे पटावरून पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेने, ठरतात, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार आणि १२१ ते २०० मुलांना पाच शिक्षक असे प्रमाण आहे. अलीकडच्या वर्षांत मात्र वर्गात बसलेले मूल आणि मोजले गेलेले मूल यांत फरक पडू लागला आहे, कारण आधार क्रमांक वैध ठरलेलीच मुले संचमान्यतेसाठी धरली जातात. शाळेच्या रजिस्टरात नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असेल, जन्मतारखेत फरक असेल, किंवा मुलाकडे आधारच नसेल, तर ते मूल रोज हजर असूनही हिशेबातून गळते. समजा, एखाद्या शाळेत ६४ मुले आहेत आणि त्यांतील सहा जणांचे आधार जुळत नाही. कागदावर ५८ राहतात आणि तिसरे पद जाते. तीन शिक्षकांची शाळा दोन शिक्षकांवर आली की एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग येतात. पालकांना ते दिसते, आणि पुढच्या जूनमध्ये आठ-दहा मुले दुसरीकडे जातात. मग पट खरोखरच घसरतो. ज्या शाळेत स्थलांतरितांची मुले अधिक, तिचे नुकसान अधिक, आणि ज्या शाळेने गरिबाच्या मुलाला कागद न मागता बसवून घेतले तिलाच त्याची शिक्षा होते. हा न्याय मला नोकरीत असतानाही पटला नाही, आजही पटत नाही.

आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, कलम १४ त्यासाठीच आहे. आपल्या हातात येथे एक अगदी साधे काम आहे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात प्रभागातील प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांकडून आधार न जुळणाऱ्या मुलांची केवळ संख्या मागवा, नावे नकोत, आणि शाळेतच आधार नोंदणी व दुरुस्तीचे शिबिर लावून घ्या. त्यासाठी ना मोठा निधी लागतो ना ठराव. एक यंत्र, एक ऑपरेटर आणि दोन दिवस पुरतात. सभागृहात तासभर भाषण करून एखाद्या शाळेला शिक्षक मिळाल्याचे मला आठवत नाही, अशा शिबिरामुळे मिळालेले आठवतात.

खासगी विनाअनुदानित शाळांत याच कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती सोडत राज्यपातळीवर संगणकीय पद्धतीने निघते आणि तेथे नगरसेवकाची काही भूमिका नाही, नसावीही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे तिला या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. आपल्या प्रभागातील काही पालक अजून जुन्या बातमीच्या भरवशावर अर्जच करत नाहीत, त्यांना हे सांगा. आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे, आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून यायला वेळ लागतो. या कागदांची आठवण डिसेंबरात करून देणे, ही नगरसेवकाने करण्यासारखी खरी मदत आहे. खोटा पत्ता देण्याच्या भानगडीत पालकांना पडू देऊ नका. पडताळणीत प्रवेश रद्द होतो, आणि तोवर दुसरीकडची वेळ निघून गेलेली असते.

दाखल्यासाठी अडवलेल्या मुलीचे प्रकरण मात्र थांबण्याजोगे नाही. माझ्या सेवेत असेच एक प्रकरण आले होते. गवंडीकाम करणाऱ्या एका माणसाची मुलगी तिसरीत होती; फी थकली म्हणून एका खासगी शाळेने दाखला अडवला, दुसऱ्या शाळेने दाखल्याशिवाय घेतले नाही, आणि मुलगी सात महिने घरी धाकट्या भावाला सांभाळत बसली. माझ्या कार्यालयात तिच्या वडिलांचा अर्ज पाचव्या महिन्यात आला होता आणि तो आवक नोंदवहीत नोंदवून एका गठ्ठ्यात ठेवला गेला होता. चूक माझ्या कार्यालयाची होती, म्हणजे माझी होती. कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे की दाखला देण्यास झालेला विलंब हे दुसऱ्या शाळेत प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. दुसऱ्या शाळेने मुलीला वयानुरूप वर्गात त्याच दिवशी बसवायला हवे होते, कागद नंतर मागवता आले असते. आपण प्रशासनाधिकाऱ्यांना फोन करण्याबरोबरच पालकांकडून कलम ३२ खाली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करवून घ्या आणि आवक क्रमांक घ्या. अशा तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. फोनला मुदत नसते, लेखी तक्रारीला असते. मुलीची शाळा बुडाली असेल तर कलम ४ प्रमाणे तिला बरोबरीच्या मुलांसोबत येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे; ते शाळेतच द्यायचे असते, आणि ते द्या असे मागितल्याखेरीज क्वचितच दिले जाते.

स्थलांतरितांच्या मुलांची दोन वेळापत्रके असतात. शेंद्र्याच्या अजिंक्यतारा साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्या दिवाळीच्या सुमारास, आणि मार्चच्या आसपास परततात. त्यांचे शैक्षणिक वर्ष अशा रीतीने मधोमध चिरले जाते. येथे ती मुले पाहुणी आणि बीडकडच्या मूळ गावी गैरहजर. यासाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. मूळ शाळेने निघताना ते द्यावे, येथील शाळेने ते पाहून मुलाला बसवून घ्यावे, आणि परतताना प्रगतीची नोंद करून पाठवावे, अशी ती कल्पना आहे. प्रत्यक्षात पुष्कळ मुले कार्डाविना येतात. कार्ड नाही म्हणून परत पाठवू नये, एवढे आपण शाळेला सांगू शकता. मूल मूळ गावीच राहावे म्हणून तिकडच्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहांचा प्रयोगही झाला आहे. घरापासून तुटलेल्या मुलांसाठी वसतिगृह हा उपाय साताऱ्याने कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाहू बोर्डिंगच्या रूपाने १९२४ मध्येच पाहिला होता. बांधकामांवरची मुले मात्र हंगामी नसतात. इमारत पूर्ण होईपर्यंत दोन-तीन वर्षे ती तेथेच असतात, आणि तरीही आपण त्यांना ‘आज इथे, उद्या तिथे’ म्हणून सोडून देतो. कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश सुनिश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे वेगळे कर्तव्य म्हणून नोंदवलेले आहे. बांधकाम परवाना नगरपरिषद देते, तेव्हा कोणत्या जागी काम चालू आहे याची यादी आपल्याच नगररचना विभागाकडे तयार असते. ती यादी घेऊन एक शिक्षक आणि एक अंगणवाडी सेविका यांना महिन्यातून एकदा फिरायला सांगा. ही युक्ती एका मुख्याध्यापिकेने मला शिकवली. आमच्या विभागाला ती सुचली नव्हती.

अंगणवाडीबद्दल आपला प्रश्न जागेचा आहे, पण मी त्याकडे थोडे व्यापकपणे पाहण्याची विनंती करीन. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे, आणि पूरक पोषण, पूर्वशालेय शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात येतात; लोकांच्या लेखी मात्र ती खिचडीपुरतीच उरते. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असे प्रमाण आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाप्रमाणे, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील रहिवाशांनी मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. शहरांतील झोपडपट्ट्यांनाही हे लागू आहे. ही ४० नावे कोणी गोळा करायची, हा प्रश्न आला की आपण पुन्हा त्याच यादीपाशी येतो.

भाड्याच्या खोलीचा प्रश्न आणि पट घसरलेल्या शाळेचा प्रश्न आपण दोन म्हणून मांडले आहेत. माझ्या मते ते एकमेकांची उत्तरे आहेत. त्या शाळेत रिकामे वर्ग असतील तर त्यांतील एक अंगणवाडीला द्यावा. सेविकेला पाणी, शौचालय, अंगण आणि भिंतीवर लिहायला जागा मिळते, भाड्याची कटकट संपते. आणि शाळेला मिळते ती अशी मुले, जी तीन वर्षांची असल्यापासून त्या दारातून ये-जा करतात आणि सहाव्या वर्षी सहज पहिलीत बसतात. पालक इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गाकडे वळतो तो पुष्कळदा माध्यमासाठी नव्हे, तर साडेतीन वर्षांच्या मुलासाठी नगरपरिषदेच्या शाळेत दार नसते म्हणून. आणि एकदा बालवर्गात गेलेले मूल पहिलीला परत येत नाही. हा वर्ग देण्यासाठी दोन विभागांची संमती लागते आणि त्यात वेळ जातो, म्हणून पत्रव्यवहार दिवाळीपूर्वी सुरू व्हावा. अंगणवाडी दुपारीच सुटते, आणि घरकामाला किंवा एमआयडीसीत जाणाऱ्या आईची सुट्टी मात्र संध्याकाळी होते, ही अडचण त्याने सुटणार नाही. तिच्यासाठी पाळणाघर लागेल. नगरपरिषदेने महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो, त्यातून अशी सोय उभी करता येते का, ते संबंधित समितीत मांडा. त्या निधीतून बहुतेक ठिकाणी शिवणयंत्रांचे वाटप होते. शिवणयंत्राला माझा विरोध नाही, पण ते चालवायला बसलेल्या बाईचे मूल त्या वेळी कोठे असते, हेही कोणी विचारावे.

अंगणवाडीला भेट द्याल तेव्हा खिचडीची चव पाहण्यापेक्षा वाढीचा तक्ता पाहा. मुलाचे वजन उंचीच्या मानाने किती, याची नोंद महिन्याला झाली आहे का, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला त्याला पुढे कोठे पाठवले, एवढे दोन प्रश्न पुरेत. तीव्र कुपोषित आणि आजारी बालकासाठी पोषण पुनर्वसन केंद्राची सोय असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची असते. मागील भेटीची तारीख भेटवहीत दिसेल. सेविकेला मुलांदेखत किंवा आयांदेखत फैलावर घेऊ नये. तिच्या मोबाइलमधले पोषण ट्रॅकर हे नोंदींचे अ‍ॅप, तिची रजिस्टरे आणि तिचे मानधन यांचा मेळ पाहिला तर ती जे करते तेही पुष्कळ आहे.

आपण विचारलेले नाही, पण नगरसेवकाच्या दारात कधीतरी येतेच, म्हणून लिहितो. मूल घरातून पळून आले आहे, त्याला मारहाण होते, हॉटेलात कामाला ठेवले आहे, किंवा त्याहून गंभीर काही घडले आहे, असे कळले तर स्वतः मध्यस्थी करू नका आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवू नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा. काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक सापडल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना न देणे हा पोक्सो कायद्याने गुन्हा आहे, आणि तो नगरसेवकालाही लागू आहे. गावाच्या किंवा समाजाच्या नावाखाली ‘मिटवून’ घेतलेली प्रकरणे मी समितीत असताना पुन्हा उघडलेली पाहिली आहेत, आणि दरम्यान त्या मुलांचे जे झाले ते येथे लिहिण्यासारखे नाही. मुलाचा फोटो, नाव, शाळा समाजमाध्यमावर टाकणे तर कायद्यानेच मना आहे, मग हेतू कितीही चांगला असो. ज्यांचे आई किंवा वडील नाहीत अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आपल्या यादीत पालकांचा रकाना असेल तर अशी मुले आपोआप दिसतील.

वर्षाचा क्रम आता लक्षात आला असेल. जूनमध्ये जो प्रश्न दिसतो त्याचे शिक्षक ३० सप्टेंबरला ठरलेले असतात आणि पैसा फेब्रुवारीअखेर मंजूर होणाऱ्या अंदाजपत्रकात ठरलेला असतो. म्हणून यादीचे काम दिवाळीनंतर, नोव्हेंबरात हाती घ्यावे, जेव्हा शाळा चालू असतात, टोळ्या आलेल्या असतात आणि अंदाजपत्रकाला तीन महिने असतात. रकाने थोडेच ठेवा: मुलाचे नाव, जन्मतारीख, घरातील भाषा, पालक कोण, शाळा किंवा अंगणवाडी कोणती, काही अपंगत्व आहे का, आणि शाळेला जाताना कोणता मोठा रस्ता ओलांडावा लागतो. हा कागद आपल्या कार्यालयात राहू नये. तो प्रशासनाधिकाऱ्यांच्या सहीने त्यांच्याकडेच राहावा आणि आपल्याकडे फक्त आकडे असावेत, कारण मुलांची नावे राजकीय कार्यालयात असणे योग्य नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. ही मोजणी त्या आयांनी केली तर शिक्षकांपेक्षा अधिक मुले सापडतील, असा माझा अनुभव आहे.

शेवटी त्या शाळेबद्दल, जी बंद होणार अशी बोलवा आहे. बंद करण्याचा प्रस्ताव सभेपुढे येतो तेव्हा त्यात पटसंख्या, शिक्षकांचा पगार आणि जवळच्या दुसऱ्या शाळेचे अंतर एवढेच असते, आणि ते अंतर पुन्हा नकाशावरचे असते. त्या दिवशी आपल्याजवळ तीन आकडे असू द्या: त्या शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सहा वर्षांखालील मुले किती, त्यांतील किती आज कोणत्याच अंगणवाडीत किंवा बालवर्गात नाहीत, आणि शाळा बंद झाल्यास किती मुलांना महामार्ग ओलांडावा लागेल. हे तीन आकडे इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि नोंदवले गेले की नाही ते पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी वाचून पाहा.